न्यायविद्येचे दान : मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा इतिहास आणि स्वभाव

जैन परंपरेने श्रावकाला चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. आहाराने एका वेळची भूक भागते, औषधाने एका देहाची पीडा शमते. शास्त्रदानाचे फळ मात्र दात्याच्या आयुष्याबरोबर संपत नाही. ते एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहते. सार्वजनिक न्यासांच्या इतिहासात या विचाराची साक्ष देणारी अनेक उदाहरणे आढळतात. त्यांपैकी एक ठळक उदाहरण मुंबई शहरातच, चर्चगेटजवळच्या ‘ए’ रोडवर उभे आहे. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा जन्म सरकारी हुकुमातून झाला, असा त्याच्या नावावरून समज होतो. वस्तुतः त्याचे मूळ नागरिकांनी गोळा केलेल्या एका निधीत आहे.

सर अर्स्किन पेरी आणि एक अध्यासन

सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश व पुढे मुख्य न्यायाधीश होते. मुंबई इलाख्याच्या शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. न्यायासनावर बसून त्यांनी दिलेल्या निकालांपैकी १८४७ चा खोजा व मेमन समाजांच्या वारसाहक्काचा निकाल विशेष प्रसिद्ध आहे. धर्मग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या कोणती रूढी प्रत्यक्ष चालत आली आहे, हे न्यायालयाने पाहिले पाहिजे, अशी भूमिका त्यांनी त्यात घेतली. या तत्त्वाचा पुढे जैन समाजाच्या वारसा व दत्तक प्रकरणांशीही निकटचा संबंध आला.

शिक्षणाच्या बाबतीत पेरी यांचे मत वादग्रस्त होते. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, असा त्यांचा आग्रह असे. बोर्डाचे एक सदस्य नामदार जगन्नाथ शंकरशेट यांनी या मताला ठाम विरोध केला. जनसामान्यांपर्यंत ज्ञान पोहोचवायचे तर ते देशी भाषांतूनच पोहोचेल, असे नानांचे म्हणणे होते. १८४० च्या दशकातील हा वाद मुंबई इलाख्याच्या शैक्षणिक इतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय आहे. दोन्ही बाजूंना विद्येविषयी तळमळ होती. मार्ग मात्र भिन्न होते.

१८५२ मध्ये पेरी मुंबईतून निवृत्त झाले. त्यांच्या स्मरणार्थ नागरिकांनी निधी उभारला आणि त्यातून न्यायशास्त्राचे एक अध्यासन स्थापन करण्यात आले. ‘पेरी प्रोफेसर ऑफ ज्युरिसप्रुडन्स’ हे त्या पदाचे नाव. एल्फिन्स्टन संस्थेच्या आश्रयाने १८५५ मध्ये कायद्याचे अध्यापन सुरू झाले आणि त्याबरोबरच या महाविद्यालयाचा इतिहासही सुरू झाला. एखाद्या चौकात पुतळा उभारला असता तर त्या काळच्या रिवाजाला ते धरूनच झाले असते. अध्यासनामुळे मात्र पेरींचे नाव दगडावर न राहता विद्यार्थ्यांच्या पाठात राहिले.

विद्यापीठाची स्थापना आणि संहितांचा काळ

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. त्याच्या आरंभीच्या विद्याशाखांत विधी ही एक होती, आणि १८६० मध्ये ही संस्था विद्यापीठाशी संलग्न झाली. पुढे दीर्घकाळ ती ‘गव्हर्न्मेंट लॉ स्कूल’ या नावाने ओळखली जाई.

संस्थेच्या बाल्यावस्थेचा हा काळ भारतीय कायद्याच्या दृष्टीने मोठ्या उलथापालथीचा होता. १८५९ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिता, १८६० मध्ये भारतीय दंड संहिता आणि १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहिता संमत झाली. १८६२ मध्ये जुने सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत यांच्या जागी मुंबई उच्च न्यायालय आले. १८७२ मध्ये पुरावा अधिनियम व करार अधिनियम आले. त्यापूर्वी कंपनीच्या अदालतींत शास्त्री व काजी यांच्या मतांवर आणि रेग्युलेशनांवर काम चालत असे. आता वकिलाला व मुन्सफाला कलमे वाचता येणे, त्यांचा अर्थ लावता येणे आणि पूर्वीचे निकाल पडताळून पाहता येणे आवश्यक झाले. या नव्या गरजेसाठी माणसे घडवण्याचे काम या लहानशा विधिशाळेकडे आले.

पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांची नावे पाहिली की या कामाचे महत्त्व लक्षात येते. १८६२ मध्ये विद्यापीठाची पहिली बी. ए. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांत असलेले महादेव गोविंद रानडे यांनी १८६६ मध्ये एल्‌एल्‌. बी. ही पदवी मिळवली. पुण्यात न्यायाधीश म्हणून काम करताना त्यांनी दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्याची स्थिती जवळून पाहिली आणि अर्थशास्त्रावरील आपले विचार त्या अनुभवावर उभे केले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी वकिली करीत असतानाच भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले. ते १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. १८८९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरूही झाले. १८९३ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले, तेव्हा त्यांच्या रिकाम्या जागी न्यायमूर्ती रानडे यांची नेमणूक झाली. लोकमान्य टिळकांनी विद्यापीठाची एल्‌एल्‌. बी. पदवी १८७९ मध्ये मिळवली आणि महाविद्यालय आपल्या माजी विद्यार्थ्यांत त्यांचे नाव अभिमानाने घेते. टिळकांनी वकिली केली नाही. पण पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःचा बचाव स्वतःच, कित्येक दिवस उभे राहून केला.

दिवसा काम, संध्याकाळी पाठ

या संस्थेचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर तिच्या वेळापत्रकाकडे पाहावे लागते. अनेक दशके येथील वर्ग दिवसाचे कामकाज आटोपल्यावर भरत. शिकवणारे बहुधा उच्च न्यायालयात वकिली करणारे असत. कोर्टाचे काम संपवून, झगा उतरवून ते वर्गावर येत. शिकणाऱ्यांत दिवसा कचेरीत कारकुनी करणारे, शाळेत शिकवणारे, एखाद्या सॉलिसिटरच्या पेढीत उमेदवारी करणारे असत. कोकणातून, देशावरून, गुजरातेतून आलेल्या आणि चाळीतील एका खोलीत चौघांनी मिळून राहणाऱ्या तरुणाला दिवसभर महाविद्यालयात बसणे परवडणारे नव्हते. त्याला वकील होण्याचा मार्ग या संध्याकाळच्या वर्गांनी मोकळा केला. विलायतेला जाऊन बॅरिस्टर होणे हा श्रीमंतांचा मार्ग होता. एल्‌एल्‌. बी. हा मध्यमवर्गाचा होता.

या व्यवस्थेचा लाभ उघड आहे. विद्यार्थ्याला कायदा पुस्तकातून कळण्याच्या आधी माणसाकडून कळे. सकाळी न्यायालयात ज्या मुद्द्यावर युक्तिवाद झाला, तोच संध्याकाळी वर्गात उदाहरण म्हणून येई. विसाव्या शतकात बॅ. मोहम्मद करीम छगला यांनी येथे राज्यघटनाविषयक कायदा शिकवला. ते पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. यशवंत विष्णु चंद्रचूड यांनीही वकिलीच्या काळात येथे अध्यापन केले. ते पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले.

परंतु या व्यवस्थेचा दोषही तितकाच उघड होता. शिक्षक तासापुरता येई आणि तास संपला की निघून जाई. विद्यार्थी थकलेला असे. ग्रंथालयात बसायला दोघांनाही वेळ नसे. परिणामी अनेकांसाठी कायद्याचे शिक्षण म्हणजे हजेरी भरणे, टिपणे पाठ करणे आणि परीक्षा देणे एवढेच उरे. संस्थेच्या थोर माजी विद्यार्थ्यांची यादी वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही : ही माणसे महाविद्यालयाने घडवली, की महाविद्यालयाने दिलेल्या मोकळ्या वेळात त्यांनी स्वतःला घडवले?

डॉ. आंबेडकर प्राचार्यपदी

हा प्रश्न ज्यांनी आतून पाहिला त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्थान पहिले आहे. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथील शिक्षण पूर्ण करून ते मुंबईत वकिली करीत होते. १९२८ मध्ये त्यांनी या महाविद्यालयात काही काळ प्राध्यापक म्हणून काम केले. जून १९३५ मध्ये ते प्राचार्य झाले आणि त्याबरोबर पेरी प्रोफेसर ऑफ ज्युरिसप्रुडन्स या पदावरही आले. १९३८ पर्यंत त्यांनी हे काम सांभाळले.

या घटनेचा अर्थ थोडा थांबून समजून घेतला पाहिजे. १९१८ मध्ये मुंबईच्याच सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक म्हणून गेले, तेव्हा त्यांनी सर्वांच्या माठातील पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. पुढे सुमारे सतरा वर्षांनी त्याच शहरातील विधी महाविद्यालयाच्या सर्वोच्च पदावर ते बसले. पेरींच्या नावाने नागरिकांनी ठेवलेले दान अशा रीतीने एका अशा विद्वानाच्या हाती आले की ज्याला समाजाने पाण्याचाही अधिकार नाकारला होता. दान देणाऱ्यांनी ही गोष्ट कल्पिलीही नसेल. दानाचे सामर्थ्य हेच असते की ते दात्याच्या कल्पनेपलीकडे पोहोचते.

प्राचार्यपदाचा काळ त्यांच्या सार्वजनिक जीवनातील अत्यंत धामधुमीचा होता. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याची घोषणा झाली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली. या गडबडीतही त्यांनी महाविद्यालयाच्या नियतकालिकात १९३६ मध्ये मुंबई इलाख्यातील विधिशिक्षणाच्या सुधारणेविषयी एक सविस्तर लेख लिहिला. परीक्षेपुरती कलमे पाठ करून वकील घडत नाही, त्याला व्यापक शिक्षणाची, शिस्तबद्ध विचाराची आणि स्पष्ट अभिव्यक्तीची जोड हवी, हा त्या विवेचनाचा रोख होता. पुढे दहा-बारा वर्षांनी राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी संविधान सभेत दिलेली उत्तरे वाचली, की अशा शिक्षणाने काय साधते याचा नमुनाच समोर येतो.

दोन विद्यार्थी, दोन बाजू

स्वातंत्र्योत्तर काळातील एका खटल्यात या महाविद्यालयाचा स्वभाव विशेष उठून दिसला. केरळमधील एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती यांनी मठाच्या जमिनींवर येणाऱ्या कायद्यांना आव्हान दिले. एका धार्मिक संस्थेच्या मालमत्तेपासून सुरू झालेला हा वाद, संसदेला राज्यघटना कोठवर बदलता येते या मूलभूत प्रश्नापर्यंत गेला. तेरा न्यायाधीशांपुढे अडुसष्ट दिवस सुनावणी झाली आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा मताधिक्याने निकाल लागला : घटनेत दुरुस्ती करता येते, पण तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही.

स्वामींच्या बाजूने नानी पालखीवाला उभे होते आणि केरळ राज्याच्या बाजूने एच. एम. सीरवाई. दोघेही याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. सीरवाई यांनी संसदेच्या अधिकाराची बाजू सर्व शक्तीनिशी मांडली होती. परंतु नंतर आणीबाणीचा अनुभव जमेस धरून त्यांनी आपल्या राज्यघटनेवरील ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत मूलभूत चौकटीचे तत्त्व योग्य असल्याचे मान्य केले. त्या खटल्यात अल्पमतात असलेले न्यायमूर्ती चंद्रचूड हे १९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात सरन्यायाधीश होते, आणि त्याच तत्त्वाच्या आधारे त्यांनी बहुमताचा निकाल दिला. आपली बाजू निष्ठेने मांडणे आणि सत्याची दुसरी बाजू दिसताच ती स्वीकारणे, या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत राहू शकतात. अनेकांतवादाच्या वारसांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

जैन समाज आणि न्यायालयातील रूढी

या विद्येशी जैन समाजाचा संबंध दूरचा नाही. जैनांचा स्वतंत्र व्यवहारधर्म आहे काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात न्यायालयांपुढे वारंवार आला. विशेष रूढी सिद्ध न झाल्यास जैनांना सर्वसामान्य हिंदू कायदा लागू होईल, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७३ मध्ये भगवानदास तेजमल यांच्या प्रकरणात ठरवले. १८७८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने शिवसिंग राय यांच्या प्रकरणात जैन विधवेचा, पतीची परवानगी नसतानाही दत्तक घेण्याचा रूढिसिद्ध अधिकार मान्य केला. रूढीला पुराव्याने मान द्यावा, हे पेरींच्या काळी रुजलेले तत्त्व येथे जैन स्त्रीच्या उपयोगी पडले.

जे. एल. जैनी यांनी १९१६ मध्ये आणि बॅ. चंपतराय जैन यांनी १९२६ मध्ये जैन कायद्यावर ग्रंथ प्रसिद्ध करून ‘भद्रबाहु संहिता’, ‘अर्हन्नीती’ यांसारख्या ग्रंथांकडे विधिज्ञांचे लक्ष वेधले. १९३९ मध्ये हिराचंद गांगजी यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती रांगणेकर यांनी जैन धर्म स्वतंत्र व प्राचीन असल्याचे संशोधनाच्या आधारे नमूद केले.

न्यासांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निकाल १८ मार्च १९५४ चा आहे. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू झाल्यावर एका जैन देरासराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी त्याला आव्हान दिले. हिशेब, नोंदणी व तपासणी यांसंबंधी बहुतेक तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवल्या. मात्र धर्मादाय आयुक्ताला धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची मुभा देणारी तरतूद न्यायालयाने अवैध ठरवली. धर्मकार्यासाठी ठेवलेला निधी दात्याच्या हेतूविरुद्ध अन्यत्र वळवण्याच्या अधिकारालाही न्यायालयाने मर्यादा घातली. आज हा अधिनियम महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. विश्वस्ताने हिशेब चोख ठेवावा आणि शासनाने श्रद्धेत हात घालू नये, ही दुहेरी शिकवण एका वहिवाटदाराच्या चिकाटीतून साऱ्या देशाला मिळाली. असे प्रश्न लढवण्यासाठी समाजात कायदा जाणणारी माणसे असावी लागतात, हेही त्यातून दिसून आले.

आजचे चित्र

१९८० च्या दशकात बारावीनंतरचा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम देशात रुजू लागला. १९८७ मध्ये बंगळूर येथे राष्ट्रीय विधी विद्यालयाचे काम सुरू झाले आणि पूर्णवेळ शिक्षक, निवासी विद्यार्थी व समृद्ध ग्रंथालय असा नवा आदर्श उभा राहिला. महाराष्ट्रानेही २०१४ मध्ये राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी कायदा केला. २०१६ पासून राज्यातील विधी प्रवेशासाठी सामाईक परीक्षा घेतली जाते. या नव्या संस्थांच्या तुलनेत शासकीय विधी महाविद्यालयाकडे विस्तीर्ण परिसर नाही. परंतु उच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर आहे, आणि अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांची व विधी साहाय्याच्या कार्याची परंपरा विद्यार्थ्यांनी पुढे नेली आहे. सामान्य कुटुंबातील मुलाला परवडेल असे शुल्क हे या शासकीय संस्थेचे मोठे बळ आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. ज्या संहितांच्या जन्मकाळी ही शाळा उभी राहिली, त्यांतील दंड संहिता आणि पुरावा अधिनियम आता इतिहासजमा झाले आहेत. नाना शंकरशेट यांनी उपस्थित केलेला भाषेचा प्रश्न मात्र कायम आहे. तालुका व जिल्हा न्यायालयांत मराठी ऐकू येते. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. पक्षकाराला स्वतःच्या खटल्याचा निकाल दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो. कायद्याचे मराठी ग्रंथ, कोश व सुबोध भाष्ये तयार होणे हे आजच्या काळातील शास्त्रदान ठरेल.

समारोप

ज्यांनी १८५२ नंतर पेरी निधीला देणगी दिली, त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या दानातून निर्माण झालेल्या पदावर मात्र राज्यघटनेचे शिल्पकार बसले. न्यासाच्या पन्नास वर्षांचा आढावा घेताना बांधलेल्या इमारती आणि झालेले समारंभ मोजता येतात. एखाद्या विद्यार्थ्याला दिलेली शिष्यवृत्ती किंवा वाचनालयाला दिलेला ग्रंथसंच यांचे फळ तितक्या सहज मोजता येत नाही, कारण ते अजून यायचे असते. मुंबईच्या या विधिशाळेचा पावणेदोनशे वर्षांकडे झुकलेला इतिहास विश्वस्तांना एवढेच सांगतो की, विद्येला दिलेला पैसा खर्च झाला असे कधी समजू नये. तो कोणाच्या हाती, कोणत्या दिवशी उगवेल हे दात्याला कळत नाही, आणि कळावे अशी अपेक्षा न ठेवणे हेच दानाचे खरे लक्षण आहे.